दोन सूर्यांचा महाल

ऑफिसात आला की तो आधी खिशातून सुताची जवळजवळ रिकामी बॉबिन काढायचा, टेबलावर उभी करायचा आणि तिची सावली कुठे पडते ते बघायचा. मग खिडकीकडे बघत स्वतःलाच विचारायचा, "ऊन कथाईन येस?" ऊन कुठून येतं, एवढंच. हे झाल्याशिवाय तो 'काय भो'सुद्धा म्हणत नसे.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. सुरतेच्या कापड मार्केटजवळ आमच्या शेठनं साड्यांचे कॅटलॉग करायला एक कॉम्प्युटर घेतला होता. साडी नेसलेल्या बाईचा फोटो स्टुडिओत काढायचा आणि तिच्यामागे कॉम्प्युटरवर महाल रंगवायचा, हे काम. शिकणारे आम्ही दोघं, दोघंही सुरतेतल्या खानदेशी वस्तीचे, डिंडोलीचे. मी साडीच्या काठांची डिझाइनं काढणारा, वर कॉम्प्युटरचा क्लास केलेला. तो सातवी शिकलेला, दुकानांच्या पाट्या रंगवणारा. शेठनं सांगून टाकलं होतं, ज्याचा महाल व्यापारी पसंत करेल तो खुर्चीवर राहील, दुसऱ्यानं घरी जायचं.

तुम्हीही असा माणूस पाहिला असेल. आपण वही भरून टिपणं काढतो आणि त्याला ते आधीच येत असतं. मला तो पहिल्या आठवड्यातच सहन होईना.

लांब जाणारे खांब लहान कसे होत जातात, ते मी क्लासच्या वहीत शोधत होतो. यानं काय करावं? बॉबिनला उरलेला धागा सोडवला, एक टोक मॉनिटरच्या काचेवर मधोमध चिकटवलं, दुसरं हातात ताणून धरलं आणि म्हणाला, "सगळ्या खांबांची टोकं या धाग्यावर बसली पाहिजे, भो." बसलीही. शेठ ओरडला, "आ शुं चोंटाड्युं छे?" हे काय चिकटवलंय म्हणून. तो हसला आणि धागा काढून पुन्हा बॉबिनला गुंडाळला. मी मात्र त्याचा महाल बघत राहिलो. त्यात चालत आत जावंसं वाटत होतं.

बाईचा फोटो आला की मी साडी बघायचो आणि तो नाक. "नाकाची सावली उजवीकडच्या गालावर ना? मग ऊन डावीकडून. महालालाही तिकडूनच दे." हे तो कुणालाही सांगायचा, चहावाल्यालासुद्धा. लपवून ठेवलं असतं तर निदान त्याला वाईट तरी म्हणता आलं असतं.

निवडीच्या आदल्या दिवशी माझा महाल पुरा झाला. चांगला झगमगीत. त्यानं जरा वेळ बघितलं आणि हळूच म्हणाला, "दोन सूर्य लावले तू. दुरुस्त करून देऊ का?"

"हात लावू नकोस," मी म्हणालो.

अर्ध्या तासात मला कळलं. साडीचा काठ काढताना आम्ही अर्धी वेल काढतो आणि उरलेली उलटी छापतो. हाताला तीच सवय. मी अर्धाच महाल रंगवला होता आणि उजवीकडे त्यालाच उलटा करून ठेवला होता. डावीकडच्या खांबांच्या सावल्या उजवीकडे, उजवीकडच्यांच्या डावीकडे. तासाभराचं काम होतं. मी केलं नाही. केलं असतं तर तो बरोबर ठरला असता.

दुसऱ्या दिवशी व्यापारी आला. दोन्ही महाल पाहिले आणि माझ्या महालावर बोट ठेवलं. "आ सरस छे. बेउ बाजु सरखी." दोन्ही बाजू सारख्या! आयुष्यभर काठ बघितलेला माणूस, त्याला दुसरं काय आवडणार? मला वाटलं, आता हा दोन सूर्यांचं बोलणार. त्यानं तोंड उघडलंही, पण माझ्याकडे बघितलं आणि मिटलं. बॉबिन उचलून खिशात टाकली.

"चांगला झाला, भो," जाताना म्हणाला. बॉबिन माझ्यासाठी ठेवून जाईल असं उगीच वाटलं होतं. टेबलाखालीही शोधली मी.

खुर्ची मला मिळाली. पुढे सगळं शिकलो, सूर्य एकच ठेवायलाही. पण ती नजर काही मिळाली नाही. आणि त्या गप्प राहण्यासाठी मी त्याला कधी माफ केलं नाही.

दोनेक वर्षांनी कामानिमित्त हजीऱ्याला गेलो होतो. एका कारखान्याच्या लांब भिंतीवर सुरक्षेची सूचना रंगवली होती. पुरुषभर उंचीची अक्षरं, भिंतीतून बाहेर आल्यासारखी. समोरचा चहावाला म्हणाला, "एक खानदेशी था. पहले बॉबिन लेके बैठता था, फिर रंग लगाता था."

"आता कुठे आहे?"

"ठेका पूरा हुआ, चला गया. बोला नहीं किधर."

दिवसपाळी सुटत होती. माणसं फाटकातून बाहेर पडून भिंतीसमोरून जात होती. मी रस्ता ओलांडला, खिशातलं पेन काढलं आणि भिंतीला काटकोनात टेकवून धरलं. पेनाची सावली उजवीकडे खाली पडली. अक्षरांच्या रंगवलेल्या सावल्याही तिकडेच, तेवढ्याच तिरक्या. सगळी माणसं भिंत वाचतील ती हीच वेळ, आणि त्यानं ऊन नेमकं या वेळेचं धरलं होतं.

मी एकेका अक्षरापाशी पेन धरत भिंतीच्या टोकापर्यंत गेलो. एका ठिकाणी तरी चुकला असता, तर मला किती बरं वाटलं असतं.