माझी नणंद सगळं नीट ठेवते

माझ्या नणंदेने जन्मात एकही वस्तू हरवलेली नाही. हे मी म्हणत नाही, ती म्हणते. ती वस्तू नीट ठेवते. आणि तिने एकदा नीट ठेवलेली वस्तू पोलीस बोलावले तरी सापडत नाही, हा माझा अठ्ठेचाळीस वर्षांचा अनुभव आहे. घराची किल्ली रव्याच्या डब्यात निघते, कारण रवा चाळताना दार वाजलेलं असतं. फोन फ्रीजमध्ये असतो आणि फ्रीजमध्ये जायची कोथिंबीर कपाटात साड्यांवर. एकदा गावाला जाताना तिने मंगळसूत्र तुरीच्या डाळीत ठेवलं. म्हणाली, "चोर डाळीत बघत नाहीत, वहिनी." चोरांनी बघितलं नाही हे खरं, पण मग तिनेही बघितलं नाही. पुढे ते पाहुण्यांच्या पंगतीत, आमटीबरोबर, तिच्या नवऱ्याच्या वाटीत वाढलं गेलं. नवरा शांत माणूस आहे. त्याने ते चाटूनपुसून बाजूला ठेवलं आणि भात मागितला.

डोंबिवलीला माझं पोळी-भाजी केंद्र आहे. डोंबिवलीत पोळी-भाजी केंद्र असणं यात काही विशेष नाही, इथे दर चार दुकानांमागे एक आहे. पण माझ्या केंद्रात माझी नणंद आहे, हे विशेष आहे. ती कल्याणहून येते. निघताना फोन करते, "वहिनी, पाच मिनिटांत पोचते." ही तिची पाच मिनिटं कुठल्या घड्याळातली ते मला अजून कळलेलं नाही. एकदा तिला पोचायला पावणेतीन तास लागले, कारण लोकलमध्ये शेजारी बसलेल्या बाईशी करवंदाच्या लोणच्यावर बोलता बोलता डोंबिवली मागे गेली आणि ती ठाण्याला उतरली. उतरली ती उतरली, त्या बाईबरोबर कोपरीला तिच्या घरी जाऊन लोणचं चाखून आली. मला म्हणते, "अगं, हिंग जास्त होता." कोथिंबीर आणायला पाठवली तर ती कुकरची रिंग, दोन झाडांची रोपं आणि भाजीवाल्याच्या सुनेच्या माहेरची सगळी हकीकत घेऊन येते. कोथिंबीर आणत नाही. परत पाठवली तर परत आणत नाही. चार कामं एका वेळी सुरू करणार, पाचवं आठवलं म्हणून चारही सोडून उठणार, आणि उठल्यावर पाचवं कोणतं ते मला विचारणार.

तोंडाला तर दारच नाही. गिऱ्हाईक भेंडी मागायला उभं, मी डबा हातात घेतलेला, आणि ही आतून ओरडते, "काका, भेंडी नका नेऊ, आज जून आलीय!" मी डोळे मोठे केले की जीभ चावते, "अय्या, मनात म्हणणार होते." पण खरं सांगायचं तर त्या काकांनी त्या दिवसापासून दुसरीकडून भाजी नेलेली नाही. आत येताच आधी तिला विचारतात, "ताई, आज काय नेऊ नको?"

आणि मोदक! गणपतीच्या आधी दोन दिवस माझ्याकडे उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी असतात, आणि तेव्हा या बाईच्या अंगात काय येतं देव जाणे. एरवी पाच मिनिटं एका जागी न बसणारी ही बाई मांडी घालून बसते ती सहा सहा तास उठत नाही. चहा गार होतो, फोन वाजून वाजून थकतो, हाक मारली तरी ऐकू जात नाही. बोटं तेवढी चालतात. पारी पातळ, कळ्या एकसारख्या, टोक असं की बघत बसावं. एका वर्षी ऐन घाईत गॅस संपला, दोन पोळीवाल्या बाया आल्या नाहीत, मी कपाळाला हात लावला. हिने मला खुर्चीवर बसवलं, समोरच्या इडलीवाल्याच्या दोन शेगड्या उचलून आणल्या, त्यालाच सारण ढवळायला लावलं आणि वेळेच्या आत सगळे डबे भरले. आग लागली तर मला हीच बाई शेजारी हवी. आग नसताना मात्र आवरत नाही.

आता मिठाचं सांगते. एका बारशाची बटाट्याची भाजी तिच्याकडे दिली होती. तिने मीठ घातलं. मग ओटा पुसला, आणि घातलं की नाही ते विसरली म्हणून पुन्हा घातलं. मी बाहेरून ओरडले, "मीठ घातलंस का गं?" ती "घालते" म्हणाली आणि तिसऱ्यांदा घातलं. बारशाचे लोक पातेलं घेऊन परत आले. दुकानात सात-आठ गिऱ्हाइकं होती. त्यांच्यादेखत मी तिला म्हटलं, "छप्पन्न वर्षांची घोडी झालीस, डोक्यात भुसा भरलाय का? आठ वर्षांची असल्यापासून बघतेय, तुझ्याच्याने एक काम धड होत नाही." लोक हसले. तीही हसली. हसत हसत ॲप्रन काढला, घडी घातली, ओट्यावर ठेवला. तिने जन्मात घडी घातलेली मी तेवढीच पाहिली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. मी म्हटलं, येईल, रुसलीय. पंधरा दिवसांनी तिची मुलगी आली. "मामी, आई भिंतीकडे तोंड करून पडून असते. जेवत नाही नीट. सारखं एकच, माझ्याच्याने काही होत नाही, वहिनी बोलली ते खरंय. मी तिला ठाण्याला डॉक्टरकडे नेलं. मनाच्या डॉक्टरकडे." मी म्हटलं, "मिठासाठी मनाचा डॉक्टर?" ती म्हणाली, "मिठासाठी नाही. त्यांना वाटतंय हे लहानपणापासूनचं आहे. एडीएचडी म्हणतात. पण नक्की सांगायला तिला लहानपणी बघितलेलं माणूस हवंय. आजी गेली, आजोबा गेले, मामा गेले. तूच उरलीस."

मला साक्षीला बोलावलं याचा, खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. अठ्ठेचाळीस वर्षं साठवलेलं सांगायला कुणीतरी आपणहून बोलावत होतं. मी वहीत यादी केली. चौथी शिकलेय, पण यादी चांगली करते. कोपरीत, स्टेशनपासून पाच मिनिटांवर तो दवाखाना. डॉक्टर म्हणजे पोरसवदा मुलगी, मला "आजी" म्हणाली ते आवडलं नाही, पण खुर्ची चांगली होती. नणंद कोपऱ्यात पर्स उराशी धरून बसलेली. मी सुरुवात केली. लग्न होऊन कल्याणला आले तेव्हा ही तिसरीत. दप्तर शाळेत विसरायची, एकदा तर पायातल्या चपलाही. दूध आणायला गेली की बरणी घेऊन सर्कशीचा तंबू बघत उभी. पाढे म्हणताना खिडकीबाहेर. मध्येच बोलायची, रांगेत थांबायची नाही, झोपेतसुद्धा पाय हलायचे. डॉक्टर भराभरा लिहीत होती. "वा! आणखी?" मी आणखी सांगितलं. माझी यादी इतकी मन लावून आजवर कुणी ऐकली नव्हती, मी रंगात आले होते. मग तिने विचारलं, "आणि ओरडा बसला की ती काय करायची?"

हे माझ्या यादीत नव्हतं. पण मला माहीत होतं. पलंगाखाली, धान्याच्या डब्यांमागे जाऊन बसायची. जेवायला बोलवायला मीच वाकायचे. आत पुटपुटणं ऐकू यायचं, "उद्यापासून नीट वागेन, उद्यापासून नीट वागेन." मी हे सांगितलं. कोपऱ्यातून आवाज आला, "अजून म्हणते मी ते. रोज."

डॉक्टरने मग बरंच समजावलं. मला समजलं ते असं, की हा आळस नाही आणि बेफिकिरीही नाही. मेंदूची घडणच तशी. लक्ष नसतं असं नाही, लक्ष भरपूर असतं, पण ते कुठे ठेवायचं हे तिच्या हातात नसतं. मी म्हटलं, म्हणजे चारही बर्नर मोठे आणि बटणं गायब. डॉक्टर म्हणाली, "आजी, हे मी आता सगळ्यांना सांगणार." पुढे म्हणाली, त्याहून वाईट ते वरचं ओझं. लहानपणापासून रोज बोलणी खाल्ली की माणूस दुसऱ्याने बोलायच्या आधी स्वतःच स्वतःला बोलायला लागतं. एक साधा शब्दही मग चटका बसल्यासारखा लागतो. हे बोलताना डॉक्टर माझ्याकडे बघत नव्हती, पण कुणाबद्दल ते मला कळलं. छप्पन्न वर्षांची माझी नणंद शाळेतल्या पोरीसारखी विचारत होती, "म्हणजे मी मुद्दाम नव्हते करत?" डॉक्टर "नाही" म्हणाली. "नक्की?" "नक्की." मग ती रडली, मग हसली, मग तिला इतका राग आला की टेबलावरचा पाण्याचा ग्लास सांडला. "आता मिळतंय हे! सगळं होऊन गेल्यावर!" औषध लिहून दिलं, काही सवयी सांगितल्या, जादू होणार नाही हेही सांगितलं. निघताना डॉक्टरने विचारलं, "शाळेचं एखादं प्रगतिपुस्तक आहे का?" नणंद उत्साहाने म्हणाली, "आहे ना! नीट ठेवलंय." मी आणि तिच्या मुलीने एकमेकींकडे बघितलं.

त्यानंतर आठवडाभर तिने सगळ्या कल्याणला बातमी दिली. रिक्षावाल्याला, वाण्याला, देवळातल्या गुरुजींना, "मला एडीएचडी आहे!" अशी, की ऐकणाऱ्याने पेढे मागावेत. शेजारच्या बाईचा नातू, पंख्याला लटकायचा तेवढा बाकी असलेला, त्याला मांडीवर घेऊन त्याच्या आईला म्हणाली, "मारू नकोस गं, आधी दाखव कुणाला तरी." सगळीकडे गेली. माझ्याकडे आली नाही. फोनवर म्हणाली, "तिथे नको वहिनी. तिथे लोक हसले."

लोक मी बोलले म्हणून हसले. हे मला कळत होतं. पण माफी कशी मागतात ते चौथीपर्यंत शिकवत नाहीत, पुढे शिकवत असतील. गणपती आठ दिवसांवर आले, मोदकांची वही भरली, आणि कळ्या पाडणारी बोटं कल्याणला. मी हातोडी घेतली आणि शेगडीच्या वर एक खिळा ठोकला. खिळा मिठाच्या चमच्यासाठी. मीठ घातलं की चमचा खिळ्याला टांगायचा. भाजी उतरली की परत बरणीत. चमचा वर दिसला तर मीठ पडलंय, डोक्यात ठेवायचं काही कारण नाही. मग तिला फोन केला. "खिळा ठोकलाय," म्हटलं आणि कशाचा ते सांगितलं. ती म्हणाली, "फक्त माझ्यासाठी?" मी म्हटलं, "सगळ्यांसाठी. मीही टांगणार आहे." आणि मग कसंबसं म्हटलं, "त्या दिवशी मी बोलले ते चूक होतं. भुसा माझ्या डोक्यात होता." ती म्हणाली, "हे गिऱ्हाइकांसमोर म्हणशील?" बाई वेंधळी आहे, बावळट नाही. मी म्हटलं, "ये तर आधी."

मोदकांच्या दिवशी सकाळी सहाला ये म्हटलं होतं, पावणेआठला आली. हातात तिच्या आईचं, म्हणजे माझ्या सासूचं, जुनं तांब्याचं मोदकपात्र. दुकानात भेंडीवाले काका होते, आणखी चार जण होते. मी सगळ्यांसमोर म्हटलं, मोठ्याने. कान तापले माझे. काका म्हणाले, "ते राहू द्या, ताई, आज काय नेऊ नको?" ती म्हणाली, "गवार!" आणि ॲप्रन बांधायला लागली.

पाणी तापत ठेवावं म्हणून तिने मोदकपात्राचं झाकण काढलं, तर आत प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत पिवळं पडलेलं प्रगतिपुस्तक. इयत्ता तिसरी. ती ओरडलीच, "बघ! बघ वहिनी! हरवलं नव्हतं! मी म्हटलं नव्हतं, नीट ठेवलंय?" नाचायचीच बाकी होती. गेल्या गणपतीनंतर तिनेच ठेवलेलं, कारण हे भांडं वर्षातून एकदा नक्की उघडतं. विचार केला तर यापेक्षा नीट जागा नाही.

मी हात पुसून ते उघडलं. मास्तरांचा शेरा, "हुशार आहे, परंतु लक्ष नाही." त्याखाली पेन्सिलने, कोपऱ्यात, बारीक, "उद्यापासून लक्ष देईन." आणि पालकांची सही. सासऱ्यांची कारखान्यात पाळी असायची, सासूला अक्षर येत नव्हतं, म्हणून घरात नवीन आलेल्या, चौथी पास सुनेने केलेली सही. प्रत्येक तिमाहीला. प्रत्येक वेळी तोच शेरा, तीच पेन्सिल, तीच सही. मला वाचता येत होतं. "हुशार आहे" हे दोन शब्द आधी लिहिलेले होते, आणि मी अठ्ठेचाळीस वर्षं पुढचेच वाचत आले.

"तेव्हा कळलं असतं तर गं, वहिनी?" ती उकड मळता मळता म्हणाली. मी खोटं बोलत नाही. तेव्हा कुणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं असं नाही. तसंच सांगितलं तिला. ती म्हणाली, "हं," आणि पहिली पारी हातावर घेतली. मग तिला काही ऐकू येईना.

प्रगतिपुस्तक तिने परत मागितलं नाही. मी दिलंही नाही. ते माझ्याकडे आहे, गल्ल्याखालच्या खणात. रोज एकदा बघते. नीट ठेवलंय.