शुक्रवारचा डेमो

तुळजाबाई फीची चिठ्ठी कधी उघडी देत नसत. चार घड्या घालून ती तळहातावर ठेवत आणि हळूच म्हणत, "घाई नाहीं हो. वाटलं तर द्या, नाहीं तर परवाइल्लै." पैसे मागणारं माणूस 'राहू द्या' म्हणायला लागलं की मी सावध होते. स्वभावच तसा. इथला भाजीवाला कढीपत्ता फुकट टाकतो, तर मी घरी येऊन टोमॅटोचं वजन करून बघते.

अड्यारच्या त्या नर्सरीत माझ्या लेकीला, रेवाला घातलं तेव्हा आम्हाला सांगलीहून चेन्नईला येऊन दोन महिने झाले होते. दारात मी रेवाला दटावत होते, तेवढ्यात कॉटनची साडी नेसलेल्या, साठीच्या एक बाई लगबगीनं आल्या. "अय्यो, तुम्ही आमच्यांतलेच कीं!" त्यांच्या कित्येक पिढ्या तंजावरला गेलेल्या. मराठी जुनी, बोलण्याची चाल तमिळ. याच तुळजाबाई; मुलं त्यांना तुलजा मिस म्हणत. मला आनंद व्हायला हवा होता. मनात आलं ते एवढंच, की आता मराठीतून गळ्यात काहीतरी मारणार.

आणि तसंच झालं. पहिल्याच आठवड्यात घडीची चिठ्ठी आली: नाच, कीबोर्ड, स्केटिंग, श्लोक. सगळं ऐच्छिक, सगळ्याची फी वेगळी. घराच्या डिपॉझिटनं आमचं कंबरडं आधीच मोडलं होतं. मी सगळ्यांपुढे 'नाही' लिहून दिलं. बाईंनी ते वाचलं, "सरि, सरि", म्हणजे बरं बरं, म्हणाल्या आणि रेवाच्या केसांवरून हात फिरवला. "डोक्याला तेल लावत जा हो पोरीच्या." मला तो टोमणा वाटला. पुढे एकदा त्यांनी घरचं उडदाचं डांगर डब्यात घालून पाठवलं, तेव्हाही हे कशासाठी, असाच प्रश्न मला पडला.

मग एका शुक्रवारी संध्याकाळी रेवा न्हाणीघरात गुडघे वाकवून 'तै या तै' करायला लागली.

"कुणी शिकवलं?"

"नाचाच्या मिसनं. तुलजा मिस मला डेमोला नेते."

डेमो म्हणजे पहिला तास फुकट, मुलाला गोडी लागावी म्हणून. असेल, म्हटलं. पण पुढच्या शुक्रवारी डेमो. त्याच्या पुढच्याही. रेवाचे हात दिवसेंदिवस सफाईनं फिरायला लागले आणि माझी झोप उडाली. टर्म संपली की जाडजूड बिल येणार, आणि तोवर पोरगी नाचाशिवाय राहणार नाही, हा डाव मला स्वच्छ दिसत होता. एकदा रेवाला आणायला गेले, तेव्हा टेबलावर नाचाचा हजेरीपट उघडा पडला होता. रेवा आणि आणखी तीन मुलांच्या नावांपुढे प्रत्येक शुक्रवारी तुळजाबाईंच्या तिरक्या अक्षरात एकच शब्द: डेमो. मी फोटो काढला. त्याच दुपारी संचालकांना मेल केला, फोटो जोडून: आमच्या संमतीशिवाय मुलीला तासाला बसवलं जातं, याचे पैसे आम्ही देणार नाही. मेल पाठवल्यावर स्वतःवर मी भलतीच खूश होते.

तीन दिवसांनी उत्तर आलं. तुम्हाला काही आकारलं जाणार नाही. संबंधित कर्मचाऱ्याला कामावरून कमी केलं आहे.

त्या शुक्रवारी मी लवकर गेले. आत नाच चालला होता. बाहेरच्या बाकावर रेवा आणि ती तीन मुलं ओळीनं बसली होती. रेवाचे हात मांडीवर ताल धरत होते. जवळ उभ्या असलेल्या आयाला मोडक्यातोडक्या तमिळमध्ये विचारलं. ती म्हणाली, ज्यांची फी नाही त्यांना इथंच बसवायचं, नियम आहे. तुलजा मिसला ते बघवायचं नाही. ती दर शुक्रवारी चौघांपुढे डेमो लिहायची आणि आत ढकलायची.

मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

रविवारी पत्ता शोधत मैलापूरला गेले. देवळाच्या तळ्यामागच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर. बाईंनी पंखा लावला, कॉफी केली, रेवाला का नाही आणलं म्हणून रागावल्या.

"तो मेल मी केला होता," मी म्हटलं.

"ठाऊक. फोटोंत तुमची बांगडी दिसतें."

"मी त्यांना भेटते. सांगते, माझी चूक झाली म्हणून."

"नको. तुम्ही लिहिलांत त्यांत खोटं काय? डेमो मींच लिहीत होतें." त्यांनी पदरानं टेबलावरचा कॉफीचा थेंब पुसला. बराच वेळ पुसत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पण एक वेळ मला विचारायचं होतं हो. मराठींत विचारायचं होतं."

मी उठले. मी चपला घालत असताना त्या म्हणाल्या, उन्हातून चालू नका, नाक्यावर ऑटो मिळेल.

दुसऱ्या दिवशी मी नाचाची फी भरली. आता शुक्रवारी रेवा आत जाते, आणि बाकावर तिघं असतात.