दोन ठेसनांच्या मंधी

चांद्याला तेव्हाही दोन स्टेशनं होती. आमच्या मूल गावाकडून येणारी छोटी गाडी फोर्टच्या स्टेशनावर येऊन संपायची. वरोऱ्याला जाणारी मोठी गाडी मिळायची गावाच्या दुसऱ्या टोकाला. मध्ये सगळं चांदा. ज्याला पुढे जायचं त्याने बोचकं डोक्यावर घ्यावं, नाहीतर टांगा करावा, आणि मोठी गाडी आपल्यासाठी थांबेल या भ्रमात राहू नये. ज्याने कोणी या लाईनी टाकल्या त्याला सासर-माहेर नसावं, असं मी अजूनही म्हणते.

माझा बा तळ्यावर मासे धरायचा. मी लहान असताना एकदा, चार पैसे जास्त मिळतील म्हणून, त्याने टोपलीभर मासे वरोऱ्याच्या बाजाराला न्यायचं ठरवलं. छोटी गाडी रडतखडत उशिरा पोचली, तोवर मोठी निघून गेली होती. दुसरी गाडी येईपर्यंत सगळी टोपली उन्हात सडली. त्यानंतर फोर्टच्या पुढे त्याने कधी पाऊल टाकलं नाही. छोट्या गाडीतून उतरायचं, स्टेशनाजवळच मासे विकायचे आणि त्याच गाडीने परत यायचं. कोणी विचारलं तर एवढंच म्हणायचा, "दोन ठेसनांच्या मंधी माल सडते."

हाच नियम तो पोरीलाही लावेल असं कोणाला वाटलं होतं? मला वरोऱ्याचं स्थळ आलं. मुलगा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, माणसं साधी. बा म्हणाला, "गाडी बदलून जा लागते तिथी मी पोट्टी देत नाई." आईने समजावलं, मामाने समजावलं. बा ढिम्म. शेवटी मीच बोलले. मुलीने आपल्या लग्नात तोंड उघडायचं नसे, पण माझ्या नाकावर कायम राग, आणि तो बाकडूनच आलेला. म्हटलं, "बा, मी का मासोळी आहो सडाले?" आई पदर तोंडाला लावून हसली. बाने लग्न लावून दिलं, पण वर बजावलं, "मी त्या मोठ्या गाडीत बसणार नाई. सांगून ठेवतो."

आणि खरंच बसला नाही. त्याच्या बाजाराच्या दिवशी मीच वरोऱ्याहून मोठ्या गाडीने यायची, चांद्याच्या गल्ल्या तुडवत फोर्टला पोचायची. तिथे चिंचेखाली आम्ही दोघं बसायचो, त्याची गाडी परत निघेपर्यंत. निघताना तो माझ्या हातात पाण्याचं मडकं द्यायचा. आत जिवंत मांगूर मासा.

"दरवेळी मांगूरच काऊन आणते बा? एखांद्या वेळी रोहू आण."

"रोहू लवकर मरते. तुले अजून दुसरी गाडी धरा लागते."

मग विचारायचा, "घर बरं हाये?" मी म्हणायची, "येऊन पाह्य." की हा इंजिनाकडे बघत बसायचा. मला फार वाईट वाटायचं. मी सारवलेली ओसरी, माझी चूल, परसात लावलेली वांगी, हे सगळं त्याने एकदा आपल्या डोळ्यांनी पाहावं, इतकंच मला हवं होतं. दुसऱ्या कोणाच्या कौतुकाची मला पर्वा नव्हती.

मला दिवस गेले. सुईणीने फार चालू नको म्हणून ताकीद दिली. चिंचेखाली मी बाला सांगितलं, "आता माझ्यानं येणं होत नाई. भेटाचं असन तर तू ये."

"पाहू."

"पाहू नोको. ये."

पुढच्या बाजाराला मी सकाळपासून दाराकडे डोळे लावून बसले. मोठी गाडी आली, माणसं आपापल्या घरी गेली, बा काही आला नाही. मी भांडी आपटली. नवरा समजुतीचा, बाहेर जाऊन बसला. मग मी चुलीपुढे पोटभर रडले. एवढा कसा हट्टी असतो माणूस, आणि तोही पोटच्या पोरीशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगण झाडत होते. दारात बा उभा. धोतर धुळीने माखलेलं, मडकं पोटाशी धरलेलं.

"गाडी चुकली," तो म्हणाला. "जो दिसे त्याले इचारलं, भाऊ, मोठं ठेसन कुठी हाये. एकानं उलटंच धाडलं. रातभर ठेसनावर राह्यलो. पाणी बदलत होतो."

मडकं ओसरीवर ठेवून त्याने आत हात घातला. मांगूर सळसळला, पाणी उडालं. मग बाने मान वर करून ओसरी पाहिली, चूल पाहिली, मागच्या दारातून वांगी पाहिली. सगळ्यात शेवटी मला पाहिलं, पायापासून डोक्यापर्यंत, आणि त्याचे डोळे भरून आले.

"नाई सडली वं," तो म्हणाला.

मी नाक ओढत विचारलं, "कोण? मासोळी?"

"तू," बा म्हणाला, आणि हात धुवायला पाणी मागितलं.