वरचं पान, खालचं पान

कुणाच्या घरात आजारपण आहे असे कळले की धोंडाबाई आधी विचारायच्या, "वरचं का खालचं?" वरचं म्हणजे लेकरू, खालचं म्हणजे म्हातारं माणूस. ही भाषा त्यांनी पालकाच्या रोपावरून उचलली होती.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. मुळशी धरणाच्या काठावर आमच्या खात्याने मातीविना भाजी पिकवण्याचा प्रयोग मांडला होता. सिमेंटच्या उथळ वाफ्यांत नुसती खडी भरायची, तिच्यात पालक आणि माठ लावायचा, टाकीत खते विरघळवायची आणि ते पाणी दिवसातून दोनदा खडीला द्यायचे. मी देखरेखीला होतो, पंचविशीतला, पुण्याहून आलेला. धोंडाबाई पाणी घालायला रोजावर होत्या.

त्यांचे शेत धरणात गेले होते आणि वाडी कातळावर बसली होती. पावसाळ्यात रानभाज्या मिळत. दिवाळीनंतर हिरवे पान दृष्टीस पडत नसे. त्यांची सहा वर्षांची नात सुंदरा दिवेलागणीला चाचपडत चालायची. पालेभाजी खाऊ घाला, असे डॉक्टरांनी सांगितले होते. प्रयोग साधला तर पुढचे वाफे त्यांच्या वाडीत बांधू, असे माझ्या वरच्या साहेबांनी कबूल केले होते. तोवर वाफ्यातले एक पानही तोडायला मनाई होती, आणि धोंडाबाईंनी ती पाळली.

वाचता येत नव्हते, पण महिन्याभरात त्या पाने माझ्यापेक्षा चांगली वाचू लागल्या. "खालचं पान पिवळं झालं तर भ्यायचं न्हाई, सायेब. आई आपल्या तोंडचा घास लेकराला देतीय. चार मुठी खत वाढवा, भागंल. पर वरचं कवळं पान पिवळं झालं, तर घरात दानाच न्हाई. आई देनार काय?" पुस्तकात हेच दोन पानांत लिहिले होते. मी ते वाचले होते. मला समजले धोंडाबाईंमुळे.

एके दिवशी त्यांनी मला वाफ्यावर हाताला धरून नेले. पालकाची कोवळी पाने फिकट पिवळी झाली होती, फक्त शिरा हिरव्या. "वरचं हाय," त्या म्हणाल्या. ही लोहाची उणीव, हे मला कळत होते. पण लोहासाठीचा हिराकस टाकीत ठरल्याप्रमाणे घातल्याची नोंद माझ्या वहीत होती. मी म्हणालो, "सोरा वाढवू." नत्र देणारा सोरा वाढवला. पाने आणखी फिकटली.

"पान आजारी आन् तुमी वहीला औषिद पाजताय," असा टोमणा मारून त्या दुसऱ्या दिवशी हिरड्याचा काढा घेऊन आल्या. हिरडा आणि हिराकस एकत्र करून शाळेसाठी शाई बनवायचे काम त्यांनी पूर्वी केले होते. झऱ्याच्या पाण्यात चिमूटभर हिराकस टाकून त्यांनी काढा ओतला. पाणी काळे झाले. मग आमच्या टाकीतले पाणी घेऊन त्यातही काढा ओतला. ते काढ्यासारखे तांबूसच राहिले. त्यांनी टाकीत खांद्यापर्यंत हात घातला आणि तळातला गंजाच्या रंगाचा गाळ माझ्यासमोर धरला.

"हे बगा तुमचं लोखंड. तळाला निजलंय. टाकीच्या सिमिटाचा चुना उतरला न्हाई, त्यानंच ते खाली बसवलं. नीट धुतली व्हती ना?"

"धुतली होती," मी म्हणालो.

नवी टाकी दहा वेळा भरून रिकामी करायची, असा नियम होता. मला घाई होती. मी ती दोनदा रिकामी केली आणि वहीत दहा लिहिले.

"मग चिंचेच्या कोळानं घासू. दोन दिसांचं काम. चार बायका आनते."

चार दिवसांनी साहेब यायचे होते. रिकामी टाकी पाहून त्यांनी वही मागितली असती. मी नको म्हणालो. साहेब आले, पिवळे वाफे पाहिले आणि लेखी कारण मागितले. मी लिहिले: मजूर स्त्री अशिक्षित असल्याने द्रावण वेळच्या वेळी दिले गेले नाही. खात्याने प्रयोग बंद केला. स्थानिक लोकांच्या हाती हे काम देता येणार नाही, असा शेरा त्यावर पडला. वाडीचे वाफे तिथेच संपले.

निरोप घ्यायला धोंडाबाई आल्या. "काय लिवलंसा, वाचून दावा की." मी कागद समोर धरला आणि वाचल्यासारखे केले, "टाकीत दोष होता, पुढच्या साली पुन्हा करू." त्यांचा चेहरा उजळला. "मंग आमचे वाफे हायेत म्हना! येताना बी चांगलं आना. माठाचं जरा जास्ती, सुंदराला आवडतो."

त्याच महिन्यात मी बदली मागून घेतली.

आठ-नऊ वर्षांनी कामानिमित्त तिकडे गेलो आणि वाडी चढलो. धोंडाबाई तीन वर्षांपूर्वी गेल्या होत्या. ओट्यावर चौदा-पंधरा वर्षांची एक मुलगी हाताने चाचपून हिरडे निवडत होती. डोळ्यांवर पांढरा पडदा. भाजी मिळती तर डोळे राहिले असते, असे मी शपथेवर सांगू शकत नाही. राहिले नसते, असेही सांगू शकत नाही.

पायरव ऐकून तिने मान वर केली. "कोन हाय? वाफ्यावरचं सायेब का? आजी म्हनायची, ते येनार हायेत."

"नाही," मी म्हणालो. "वाट चुकलो."

"मंग बसा की, पानी प्या," असे म्हणत ती भिंतीला हात लावून उठली. ती तांब्या घेऊन बाहेर येण्याआधी मी उतरू लागलो होतो.