मातीवरचा तळवा

संक्रांतीनंतर सातपूरच्या बसथांब्याजवळ एक म्हातारा टोमॅटो-मिरचीची रोपं घेऊन बसायचा. रोप देण्याआधी तो गिऱ्हाइकाला उघड्यावरच्या ट्रेमधल्या मातीवर तळवा ठेवायला लावायचा.

"गार लागती?"

"लागते."

"मग रोपं घरातच ठेवा. गार लागायची थांबली की गच्चीत न्या."

एकदा मी वैतागून म्हणालो, "बाबा, तुम्हीच हात लावून सांगा ना."

त्यानं भर उन्हात माझं मनगट धरलं. त्याची बोटं ओल्या मातीसारखी थंडगार होती.

"मला माती गार लागतच नाय," तो शांतपणे म्हणाला.

होळीनंतर मी गच्चीतल्या कुंडीत तळवा ठेवला. माती गार लागली नाही. रोपं बाहेर आणण्याआधी, आपला हातच तर गार पडला नाही ना, म्हणून मी तोच तळवा गालाला लावून पाहिला.