निमगडे सर आणि बाबांचा ताप

निमगडे सर वर्गात आले की आधी कुणाच्या तरी कपाळावर हात ठेवत. "सांग, तू गरम का माहा हात थंड?" पोरं हसत. सर हसत नसत. "हाताले विचारू नोका. हात खोटं बोलते."

गडचांदूरकडच्या आमच्या गावात विज्ञान शिकवणारे ते एकटेच. उष्णता आणि तापमान यांतला फरक त्यांनी चहावर समजावला होता. "कपभर चहा उकळून राह्यला, अन् शेजारी घंगाळभर कोमट पानी. तापमान कपाचं जास्त. पन उष्णता? ते घंगाळात जास्त." घामाचंही तसंच. "घाम सुकते तं अंगातली उष्णता घेऊन जाते. पानीच नाई पेलं तं घाम येनार कुठून?" हे सगळं मी घरी येऊन बाबांना सांगायची. बाबा चुनखडीच्या खदानीत दगड फोडत. ते म्हणत, "तुह्या सरले म्हनाव, ठेकेदाराले बी शिकवा." ऐंशीनंतरची ती वर्षं, खदानी वाढत होत्या. आमच्या घरात सरांचा शब्द शेवटचा असे.

मे महिन्यात एकदा खदानीवरचा पाण्याचा ड्रम सकाळीच रिकामा झाला. ठेकेदाराने दुसरा आणलाच नाही. दुपारी बाबांना बैलगाडीत घालून आणलं. अंग भाजत होतं, पण घामाचा थेंब नाही. सर धावत आले. काखेत थर्मामीटर लावला; पारा टोकाला गेला. बाबांवर ओली चादर टाकून वारा घालता घालता सर ओरडले, "यायले ऊन लागलं! दिवसभर पानी नाई दिलं कोनं!" सगळ्या गावाने ऐकलं. सांजेला बाबा गेले.

बाबांच्या मृत्यूची चौकशी शाळेतच झाली. आई निर्धास्त होती. "सर हायेत नं," म्हणाली. चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारलं, तेव्हा सर टेबलाकडे बघत एकदम पुस्तकी भाषेत बोलले, "थर्मामीटरने ताप दाखवला, हे खरं. पण तो माणूस घरूनच आजारी होता."

आईला आधी कळलंच नाही. मग ती उभी राहिली. "सर, सकाळी तुमच्याच दारावरून गेले नं ते? तुमच्यासंगं बोलून गेले."

सरांनी मान वर न करता जबाबावर सही केली. बाबा आजाराने गेले, असं ठरलं. पावसाळ्यात सरांचा मुलगा त्याच ठेकेदाराकडे मुकादम म्हणून लागला.

पुढेही मी त्यांच्याच वर्गात बसले. दुसरी शाळा नव्हती. सर पूर्वीइतकंच सुंदर शिकवत. तेच मला सोसत नसे. वाईट शिकवत असते, तर त्यांचा राग करणं सोपं गेलं असतं.

खूप वर्षांनी चंद्रपूरहून त्यांचा निरोप आला. सर अंथरुणाला खिळले होते. मला जवळ बसवून, बाकीच्यांना बाहेर पाठवून ते म्हणाले, "पोरी, तुह्या बाबाले तवा ताप होताच नं? सकाळपासून? थोडासा तरी?"

इतक्या आशेने ते माझ्याकडे बघत होते.

"नाई, सर," मी म्हटलं. "नव्हता."

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मी जरा वेळ बसले, आणि उठले.