दवाखान्यात घातलेली मांडी

अमेरिकन फौजेत मी ट्रक चालवले, आणि वाळवंटातल्या खड्ड्यांनी माझी कंबर निकामी केली. त्यामुळे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून मला अ‍ॅक्युपंक्चर आणि मसाज मिळतो, आणि मी तो अजिबात न लाजता घेतो. आमच्या अ‍ॅशबर्न गावातले एक काका मला म्हणाले, "सरकारी खर्चानं मालिश? मजा आहे यार." मी म्हटलं, "या ना काका तुम्हीही. आधी फक्त थोडा ट्रक चालवून यायचा."

अडचण एवढीच, की उपचाराच्या ठरावीक फेऱ्या झाल्या की मंजुरी संपते. मग डॉक्टरबाई तपासून पुढचं ठरवतात. या वेळी मी आईला सोबत नेलं. घरचं माणूस साक्षीला असलं की काम सोपं, असा माझा हिशेब.

डॉक्टरांनी तिलाच विचारलं, "घरी कसे असतात हे?"

आई नागपूरची, जन्मभर शाळेत शिकवलेली. परक्या माणसासमोर लेकाच्या दुखण्याचा विषय काढायचा नाही, हा तिचा शिरस्ता. तिनं पदर सारखा केला आणि वर्गातल्या खणखणीत इंग्रजीत सांगितलं, "एकदम फर्स्ट क्लास. काही त्रास नाही."

"छान. मग आता थांबवू या," डॉक्टर म्हणाल्या.

आईनं समाधानानं माझ्याकडे पाहिलं. घराण्याची अब्रू राखली होती तिनं.

मी बूट काढले आणि तिथेच फरशीवर मांडी घातली.

"हे त्या सुयांमुळे जमतं," मी म्हटलं. "दर रविवारी आमच्याकडे बुद्धवंदनेला सगळे खाली बसतात. मी कित्येक महिने मागे खुर्चीवर होतो, पाहुण्यासारखा. आता सगळ्यांत बसतो. सुया बंद केल्यात तर काही दिवसांनी मी इथेच येऊन बसेन. उठवायचं काम तुमचं."

"पण तुम्हाला तर बरं वाटतंय."

"चष्म्यानं नीट दिसतं म्हणून तुम्ही चष्मा काढून ठेवता का?"

डॉक्टरांचा हात नकळत चष्म्याकडे गेला.

"ऊठ रे," आई मराठीत पुटपुटली. "लोक बघताहेत."

"तू खरं सांग, मग उठतो."

आई पर्सचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. मग डॉक्टरांकडे वळली. "याचे मोजे रोज सकाळी मी घालून द्यायचे. पन्नाशीच्या माणसाचे. आता स्वतः घालतो. दोन्ही एका रंगाचे नसतात, पण घालतो. बंद नका करू."

डॉक्टरांनी माझ्या पायांकडे पाहिलं. एक मोजा निळा होता, एक काळा. हसू दाबत त्यांनी पुढच्या फेऱ्या मंजूर केल्या.

मग मी हात न टेकता, रंगमंचावर नटानं उठावं तसा ऐटीत उठू लागलो. अर्ध्यावर कंबरेत कळ आली. मी चेहरा हसरा ठेवला.

"दुखलं त्याला," आई इंग्रजीत म्हणाली. "तेही लिहून घ्या."